दादांचा काँप्युटर आणि दोन बाइट

गेल्या महिन्यात लातूरहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांचा काँप्युटर बंद पडलाय. दोन दिवस झाले, जेवणावर लक्ष नाही."

दादा आता ८२ वर्षांचे. काँप्युटरही जुनाच, विंडोज सेव्हनचा. सुरू केला की काळ्या पडद्यावर एकच ओळ येई: 'बूटएमजीआर इज मिसिंग'. दुकानवाल्याने एका वाक्यात निकाल दिला, "फॉरमॅट मारावा लागेल."

त्यात काय होतं ते सांगायला हवं. आमची आई जात्यावर म्हणायची त्या ओव्या दादांनी निवृत्तीनंतर दोन बोटांनी टाइप करून ठेवल्या होत्या. दुसरी प्रत नाही. आणि वर्षभरापासून दादांना विसर पडू लागलाय. आता पुन्हा सांगा म्हटलं तर ते सांगू शकणार नाहीत.

मी नांदेडहून एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारी लातुरात पोचलो. पुतण्या पुण्यात, फोनवर. त्याने आधी मला समजावून सांगितलं. हार्ड डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटांचा एक छोटा तुकडा असतो. त्यात डिस्कचे भाग कोणते आणि त्यातला 'अ‍ॅक्टिव्ह' कोणता, याची नोंद असते. मशीन सुरू झालं की त्या अ‍ॅक्टिव्ह भागाकडे जातं आणि विंडोजला उठवणारा प्रोग्राम तिथेच शोधतं. दिवाळीत आलेल्या नातवाने कुठेतरी क्लिक करून ही खूण भलत्याच भागावर नेली होती. म्हणजे मॉनिटर वर्गातच बसलेला, पण फळ्यावर नाव दुसऱ्याच मुलाचं! मी जन्मभर मास्तर, मला हे लगेच पटलं.

विंडोजची जुनी डीव्हीडी कपाटात सापडली. तिच्यावरून मशीन सुरू केलं, 'रिपेअर' निवडलं आणि काळी खिडकी उघडली. तिथे टाइप केलं, 'डिस्कपार्ट'.

"काका, एक लक्षात ठेवा. इथे 'क्लीन' हा शब्द टाइप करायचा नाही. तो 'नक्की का?' असं विचारत नाही. डिस्कवरच्या भागांची नोंदच पुसून टाकतो."

माझे हात थरथरायला लागले. एकाच हत्याराने जीव वाचवायचा, आणि त्याच हत्याराने जाऊही शकतो.

'लिस्ट डिस्क'. मग 'सिलेक्ट डिस्क झिरो'. 'लिस्ट पार्टिशन'. तीन भाग दिसले. पहिला अवघा १०० एमबीचा. "तोच," पुतण्या म्हणाला, "पण आकडा मोठ्याने वाचा." मी वाचला. 'सिलेक्ट पार्टिशन वन'. प्रत्येक ओळ वाचून दाखवायची, तो "हो" म्हणाला की मगच एंटर. शेवटी टाइप केलं, 'अ‍ॅक्टिव्ह'. खाली उत्तर आलं, खूण झाली म्हणून. खरं तर दोन बाइटांमधले आकडे बदलले, एवढंच. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं.

डीव्हीडी काढली. मशीन पुन्हा सुरू केलं. विंडोजची चार रंगांची खिडकी दिसली आणि वहिनींनी देवापुढे साखर ठेवली.

"अरे, आधी कॉपी करून घ्यायला हवी होती!" हे पुतण्याला तेव्हा आठवलं. मी त्याला काही बोललो नाही. आधी ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली, मग चौकातल्या दुकानातून दोन प्रिंट काढून आणल्या.

संध्याकाळी दादांसमोर कागद धरले. ते बराच वेळ नुसते बघत राहिले. "हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. मला काय बोलावं कळेना. मग मी पहिल्या ओवीचा पहिला शब्द आईच्या चालीत म्हटला आणि थांबलो. पुढची सगळी ओवी दादांनी म्हटली. कागदाकडे न बघता. मग दुसरी. मग तिसरीला अडले. पुन्हा मी एक शब्द दिला, पुन्हा गाडी सुरू.

आत सगळं आहे. फक्त कुठून सुरू करायचं ते सापडत नाही. मी आता रोज संध्याकाळी सातला लातूरला फोन लावतो आणि एक शब्द देतो.

असो. मंडळी, तुमच्या घरात असं काही एकाच जागी असेल तर आज त्याची दुसरी प्रत करा. घरच्यांपैकी कुणाला ओव्या हव्या असतील तर कळवा, झेरॉक्स पाठवतो.