सुकाणू दोघांच्या हाती

माझे बाबा येत्या मार्चमध्ये बँकेतून निवृत्त होतायत. गेले काही महिने रात्रीची जेवणं झाली, की ते मोबाईल टीव्हीला जोडतात आणि युरोपातल्या बोटींचे व्हिडिओ लावून बसतात. पांढरीशुभ्र छोटी बोट, आत स्वयंपाकघर, वर सुकाणूची खोली आणि एखादं साठी ओलांडलेलं जोडपं संथपणे नदीतून चाललंय. गावं मागे पडतायत, घाई कुणालाच नाही.

आमच्या इंदूरला समुद्र नाही. आमच्यासाठी पाणी म्हणजे नळाला येणारं नर्मदेचं पाणी. तरी बाबा नकाशावर बोट ठेवून बोटीचे मार्ग शोधत असतात. एका रात्री आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, बोट तुम्ही चालवणार. मग मी काय करायचं? चहा?"

बाबा हसले, पण उत्तर काही त्यांना देता आलं नाही. मी म्हटलं, "आई, मी शोधते." लिखाण हाच माझा व्यवसाय असल्यामुळे शोधाशोध करायची सवय आहेच. या शोधात जे हाती लागलं, ते तुमच्याही घरात उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून हा लेख.

ट्रॉलर, पण मासेमारीचा नाही

ट्रॉलर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोकणातल्या बंदरांतल्या मासेमारीच्या बोटी येतात. ट्रॉलर यॉट हे नाव तिथूनच आलं. खोल आणि भरीव बूड, उंचावरची सुकाणूची खोली, मोठ्या डिझेल टाक्या आणि दणकट इंजिन, ही घडण मासेमारी बोटींसारखीच. फक्त जाळी आणि बर्फाच्या जागी झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि बैठक असते.

छोट्या बोटीनं, शिडाशिवाय, निव्वळ इंजिनावर महासागर ओलांडता येतो हे दाखवणाऱ्यांमध्ये अमेरिकन नौदलातले निवृत्त अधिकारी रॉबर्ट बीबी यांचं नाव आवर्जून घेतलं जातं. त्यांनी स्वतः आखलेली 50 फुटी 'पॅसेजमेकर' ही बोट 1963 मध्ये सिंगापूरला बांधून घेतली आणि तिच्यातून लांबलांबचे प्रवास केले. 1975 मध्ये त्यांनी या अनुभवावर 'व्हॉयेजिंग अंडर पॉवर' हे पुस्तक लिहिलं. आजही या छंदात पडणारे लोक ते वाचतात.

या बोटींचा वेग ऐकून मात्र तुम्हाला हसू येईल. साधारण 7 नॉट, म्हणजे ताशी 13 किलोमीटर. आपल्याकडे सायकलवरून दूध घालणारा माणूस याहून लवकर पोहोचेल. पण यामागे शास्त्र आहे. अशी बोट पाण्यावरून घसरत जात नाही, पाणी बाजूला सारत जाते. तिच्या लांबीनुसार वेगाची एक मर्यादा ठरते. पाण्यालगतची लांबी 40 फूट असेल, तर ही मर्यादा साधारण साडेआठ नॉट. त्यापुढे रेटायला गेलं, की डिझेल भराभर जळतं आणि वेग फारसा वाढत नाही. सावकाश गेलं तर तीच टाकी खूप दूरवर पुरते. म्हणून सावकाशच जायचं.

उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत

युरोपचा नकाशा उघडून बघा. नेदरलँड्सच्या रोटरडॅमपासून ऱ्हाइन नदीनं वर जायचं, मग माइन नदी, मग एक कालवा आणि पुढे डॅन्यूब नदीनं थेट काळ्या समुद्रापर्यंत. हा सुमारे 3,500 किलोमीटरचा सलग जलमार्ग आहे. ताशी 13 किलोमीटरनं, रोज पाच तास चालायचं म्हटलं, तरी दोन महिने हवेत. प्रत्यक्षात लोक एक-दोन उन्हाळे घालवतात.

सुरुवात नेदरलँड्समधल्या उघडझाप करणाऱ्या पुलांनी होते. काही जुन्या कालव्यांवर पूल उघडणारा माणूस मासे धरायच्या गळासारख्या काठीला लाकडी बूट बांधून खाली सोडतो. बोटीतल्या माणसानं त्या बुटात पुलाचे पैसे टाकायचे.

ऱ्हाइनवर मात्र गंमत संपते. प्रवाह समोरून येतो आणि डोंगरांमधल्या अरुंद भागात तो चांगलाच जोराचा असतो. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला बोट उभीच आहे असं वाटतं. शेजारून मोठमोठी मालवाहू जहाजं जातात, त्यांना वाट द्यावी लागते.

माइन नदीवर एकामागून एक 34 जलपाश लागतात. जलपाश, म्हणजेच लॉक, ही पाण्याची लिफ्ट समजा. बोट एका मोठ्या हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी भरलं जातं, बोट वर उचलली जाते आणि पुढचं दार उघडतं.

पुढचा माइन-डॅन्यूब कालवा 171 किलोमीटरचा असून त्यावर आणखी 16 जलपाश आहेत. हा कालवा बोटीला समुद्रसपाटीपासून 406 मीटर उंचीवर नेतो. डोंगर चढून पलीकडे उतरणारी बोट! ही कल्पना फार जुनी. राजा शार्लमेननं सन 793 मध्ये इथे कालवा खणायला घेतला होता. आजचा कालवा पूर्ण झाला 1992 मध्ये. मधे जवळपास बाराशे वर्षं गेली.

मग डॅन्यूब. तिच्यावर किलोमीटरचे आकडे मुखापासून मोजलेले आहेत. कालवा जिथे नदीला मिळतो त्या केल्हाइम गावाजवळ आकडा 2,400 च्या पुढे असतो आणि पुढे जाऊ तसा तो कमी होत जातो. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, बेलग्रेड अशा चार राजधान्या काठावर भेटतात. शेवटचा टप्पा मात्र आज विचार करूनच आखावा लागतो, कारण 2022 मध्ये युक्रेनमधलं युद्ध भडकल्यापासून काळ्या समुद्रात वाहत्या सुरुंगांचा धोका आहे.

आईच्या प्रश्नाचं उत्तर जलपाशात सापडलं

जलपाशात एकट्या माणसाचं काही चालत नाही. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं भिंतीवरच्या खुंट्याला दोर टाकून बोट आवरायची. पाणी उतरत असताना दोर पक्की गाठ मारून ठेवला, तर पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकते. त्यामुळे दोर हातात ठेवून हळूहळू सोडत राहायचा. सगळं लक्ष तिथेच हवं.

बहुतेक जोडप्यांत नवरा सुकाणूवर आणि बायको दोर घेऊन पुढे, असंच दिसतं. मुरलेले प्रवासी मात्र उलटा सल्ला देतात. दोर ओढायला ताकद लागते, बोट वळवायला हलका हात आणि धीर लागतो. मग ज्याच्या अंगात जास्त ताकद, त्यानं दोर धरावा आणि दुसऱ्यानं सुकाणू. निदान आलटून-पालटून तरी करावं.

इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं ऐकू येत नाही. मग आरडाओरडा सुरू होतो आणि तो आरडाओरडा रात्रीच्या जेवणापर्यंत टिकतो. यावर उपाय म्हणून अनेक जण कानाला लावायचे बिनतारी हेडसेट घेतात. गमतीनं त्यांना संसार वाचवणारं यंत्र म्हणतात. हे वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "दोन मागव, आपल्याला घरातच लागतील."

समुद्रात तर हा प्रश्न आणखी गंभीर होतो. फ्रान्सच्या ब्रेस्टहून बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेनच्या आ कोरुन्याला जायचं, तर अंतर सुमारे 350 समुद्री मैल. 7 नॉटनं गेलं तर दोन दिवस आणि दोन रात्री अखंड चालायचं. दोघंच असतील तर पाळ्या लावाव्या लागतात. तीन-चार तास एकानं रडारवर आणि बाहेरच्या अंधारावर लक्ष ठेवायचं, तेवढा वेळ दुसऱ्यानं झोपायचं. ज्याला बोटीतलं काहीच कळत नाही, त्याच्या भरवशावर कोण झोपेल? आणि जो दुसऱ्याला कधी सुकाणू देतच नाही, त्यानं दोन रात्री जागायचं कसं?

त्याहून अवघड प्रश्न आहे तो तब्येतीचा. बोट घेणारी बरीच जोडपी निवृत्तीच्या वयातली असतात. भर समुद्रात नवऱ्याच्या छातीत दुखू लागलं, तो घसरून पडला किंवा पाण्यातच पडला तर? म्हणून या लोकांमध्ये एक साधा नियम आहे. दोघांपैकी कुणालाही एकट्यानं बोट किनाऱ्याला लावता आली पाहिजे.

यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. इंजिन सुरू आणि बंद करणं, नांगर टाकणं, रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनेलवर मदत मागणं, पडद्यावर बघून आपण नेमके कुठे आहोत ते सांगता येणं आणि पाण्यात पडलेल्या माणसाकडे बोट परत वळवणं. एवढं दोघांना यायलाच हवं. बोट सावकाश चालते याचा इथे मोठा फायदा होतो. ताशी 13 किलोमीटर वेगात चुकायला आणि चूक सुधारायला, दोन्हींना वेळ मिळतो.

बोटीला दीड वर्ष, माणसाला तीन महिने

व्हिडिओत न दिसणारा भाग म्हणजे कागदपत्रं. युरोपच्या नद्यांवर स्वतःची बोट चालवायला साधारणपणे आंतरराष्ट्रीय क्षमता प्रमाणपत्र मागतात आणि त्यासाठी नदीवरच्या खुणांचे व सिग्नलचे नियम शिकून परीक्षा द्यावी लागते.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या मालकाची, बाहेरच्या देशात नोंदलेली बोट तिथला मूल्यवर्धित कर न भरता 18 महिने राहू शकते. पण आपल्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्याला पर्यटक म्हणून शेंगेन देशांत 180 दिवसांतले फक्त 90 दिवस मिळतात. म्हणजे बोट आरामात थांबेल, मालकाला निघावं लागेल! म्हणूनच बाहेरचे प्रवासी आपले दिवस मोजून तुर्कस्तान, मॉन्टेनेग्रो किंवा अल्बानियासारख्या शेंगेनबाहेरच्या देशांत मुक्काम करतात. पूर्वी क्रोएशियाही त्यासाठी सोयीचा होता, पण 1 जानेवारी 2023 पासून तोही शेंगेनमध्ये गेला.

खर्चाचाही ढोबळ हिशेब ऐकून ठेवा. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला लागेल असं धरून चालायचं, असं जुने लोक सांगतात. शिवाय हिवाळ्यात बोट धक्क्यावर किंवा जमिनीवर काढून ठेवावी लागते. थंड देशांत इंजिनातलं आणि नळांतलं पाणी काढलं नाही, तर ते गोठून पाईप फुटतात. हे सगळं ऐकल्यावर बाबा दोन दिवस गप्प होते.

आपल्या खिशाला जमेल असा मार्ग

बोट विकत घेणं आपल्यातल्या बहुतेकांना शक्य नाही. पण आठवडाभर भाड्यानं घेता येते. दक्षिण फ्रान्समधला कनाल दू मिदी यासाठी प्रसिद्ध आहे. पिएर-पॉल रिके या माणसाच्या ध्यासातून 1666 ते 1681 या काळात तुलूजपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा हा 240 किलोमीटरचा कालवा उभा राहिला. रिकेनं यात स्वतःचा पैसाही ओतला आणि कालवा सुरू होण्याच्या काही महिने आधी, 1680 मध्ये त्याचं निधन झालं. 1996 पासून हा कालवा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बेझिए गावाजवळ एकाला एक जोडलेल्या आठ हौदांचा जिना आहे. तिथून बोटी सुमारे 21 मीटर चढतात-उतरतात.

इथे भाड्याची बोट चालवायला आधीपासून परवाना असावा लागत नाही. निघण्यापूर्वी बोट कशी चालवायची ते शिकवतात आणि त्या सहलीपुरता परवाना देतात. वेगमर्यादा साधारण ताशी 8 किलोमीटर. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी जलपाश बंद असतात, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ धरावा. दुपारी जलपाशावरच्या माणसांची जेवणाची सुट्टी असते. तेव्हा तुम्हीही बोट काठाला लावा आणि पिशवीतलं थालीपीठ काढा.

आणि हो, शिकवणारा माणूस सांगत असेल तेव्हा दोघांनीही समोर उभं राहा. एकानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं फोटो काढायचे, असं करू नका.

आमच्या घरची बोट

हे सगळं मी एका रविवारी आई-बाबांना सांगितलं. दोघांपैकी कुणालाही बोट किनाऱ्याला लावता आली पाहिजे, हे वाक्य ऐकल्यावर आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, विम्याची फाईल कुठे असते? बँकेचा पासवर्ड? मला तर गाडीही येत नाही. उद्या तुम्हाला काही झालं, तर मी रिक्षा शोधत बसायची?"

बाबांनी मान खाली घातली. मग तेच हळूच म्हणाले, "आणि तुला काही झालं, तर मला तुझ्या गोळ्यांची नावं माहीत नाहीत. कुकरला किती शिट्ट्या द्यायच्या, तेही नाही."

तीस वर्षं एका घरात राहून दोघांनी आपापली कामं वाटून घेतली होती आणि एकमेकांचं काम कधी शिकलेच नव्हते. आपल्या कितीतरी घरांत हेच चालतं. सगळं सुरळीत असतं तोवर कळतही नाही.

आता दर रविवारी सकाळी आई सुपर कॉरिडॉरवर गाडी शिकते. बाबा शेजारी बसतात आणि मोठ्या कष्टानं गप्प राहतात. गाडी बोटीच्याच वेगानं चालते. मागून येणारे हॉर्न वाजवतात, आई लक्ष देत नाही. घरी एक वही आहे, तिच्यात विमा, बँक, डॉक्टर, गॅस, औषधं असं सगळं दोघांच्या अक्षरात लिहिलेलं आहे. परवा बाबांनी वरण-भात केला. वरण जरा पातळ झालं, पण दोघींनी वाढून घेतलं.

फ्रान्सच्या त्या आठवड्यासाठी बाबांनी वेगळं खातं उघडलंय. यावेळी ते दोघांच्या नावावर आहे. आणि पहिल्या जलपाशात सुकाणू आईच धरणार, हे आत्ताच ठरलंय.