आधी मोरी, मग गटार

गावातलं, शहरातलं पावसाचं पाणी बाहेर कसं काढायचं आणि पैसा थोडा असताना कुठलं काम आधी धरायचं, हे ठरवायला मदत करणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. पदविका मला तंत्रनिकेतनाने दिली, पण हे काम मी शिकलो ते वेगवेगळ्या वेळी भेटलेल्या माणसांकडून. आपण कुणाला काही शिकवतोय याची त्यांतल्या बहुतेकांना कल्पनाही नव्हती. त्यांचं ऋण एकदा नीट मांडून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं.

माझं गाव मोहोपाडा, तालुका खालापूर. एका अंगाला रसायनीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला पाताळगंगा. खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणारं पाणी या नदीत येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ती वाहती असते. माझ्या लहानपणी गावाभोवती भाताची खाचरं होती. पाऊस आधी खाचरात थांबायचा, एका बांधावरून दुसऱ्या खाचरात उतरायचा, तिथून वहाळात आणि वहाळातून नदीत. या सगळ्याला व्यवस्था म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. पाणी आपोआप जातं, एवढीच माझी समजूत.

१९८९ च्या जुलैत पाताळगंगेला मोठा पूर आला. रिलायन्सच्या पाताळगंगा प्रकल्पात पाणी शिरलं, त्यामुळे त्या पुराचं नाव सगळीकडे झालं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. पूर ओसरल्यावर आम्ही पोरं चिखल बघत हिंडत होतो आणि रस्त्याच्या मोरीपाशी आम्हाला तात्या दिसले. तात्या बांधकाम खात्यात मैलकुली होते. खड्डे भरणं, साइडपट्टी नीट करणं, पावसाआधी मोऱ्या मोकळ्या करणं हे त्यांचं रोजचं काम. त्या दिवशी त्यांच्या हातात डांबराचा डबा होता आणि काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली. मोरीच्या भिंतीवर चिखल जिथवर चिकटला होता, तिथे ते आडवी रेघ ओढत होते. वरच्या अंगाला एक रेघ ओढून झाली, मग रस्ता ओलांडून ते खालच्या अंगाला उतरले आणि तिथेही एक ओढली.

मी विचारलं, "तात्या, दोनदा कशाला?"

ते म्हणाले, "पोरा, पानी किती चढलं ते कुनीबी सांगंल. का चढलं ते या दोन रेघा सांगतात. वरची रेघ उंच आन् खालची ठेंगणी असली, तर दोष मोरीचा. दोन्ही सारख्या असल्या, तर नदीच फुगून माघारी आलीय. मग मोरी कितीबी मोठी कर, काय उपेग नाय."

मला त्यातलं काही कळलं नाही. डांबराचा वास आणि त्यांचा गंभीर चेहरा तेवढा लक्षात राहिला. मैलकुलीचा शब्द वरच्यांपर्यंत पोचत असेल असंही वाटत नाही. तरी दर मोठ्या पुरानंतर ते रेघा ओढत राहिले. त्यासाठी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पदविका झाल्यावर मी मुंबईत एका सल्लागार कंपनीत लागलो. थोड्याच काळात २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहरात पाऊस इतका वेगळा पडू शकतो, हा माझ्यासारख्या नवशिक्याला पहिला धडा होता. त्या पुरानंतर मुंबईत नाल्यांच्या पाहणीची कामं वाढली आणि मला लेव्हलचं यंत्र खांद्यावर घेऊन नाल्यांच्या कडेने फिरायला मिळालं.

आमचे वरिष्ठ म्हणजे शासकीय नोकरीतून निवृत्त झालेले एक अभियंते. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात 'ब्रिमस्टोवॅड'चा अहवाल वाचायला लावला. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांच्या सुधारणेचा हा आराखडा १९९३ सालचा. जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या होत्या आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत होतं. नव्या आराखड्याने तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला आणि मुरण्याची आशा सोडून दिली, कारण मुरायला मोकळी जमीनच उरली नव्हती. साहेबांनी कागदावर गुणाकार करायला सांगितला. पाऊस दुप्पट, वाहून येणारा वाटाही दुप्पट, म्हणजे त्याच जमिनीवरून वाहिनीत येणारं पाणी चौपट. तो गुणाकार करेपर्यंत 'सिमेंटीकरण' हा माझ्यासाठी वर्तमानपत्रातला शब्द होता. त्या दिवसापासून तो आकडा झाला.

मग त्यांनी मला समुद्राकडे नेलं. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्या जिथे समुद्राला किंवा खाडीला मिळतात त्या तोंडांना महापालिकेच्या भाषेत पातमुखं म्हणतात. त्यातली बहुसंख्य पातमुखं मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती असताना पाऊस कोसळला की पाण्याला बाहेर जायला वाटच नसते. तिथे उभं असताना मला अचानक तात्या आठवले. वर आणि खाली दोन्हीकडे पाणी सारखंच उभं, म्हणजे दोष वाहिनीचा नाही. अशा ठिकाणी रुंदीकरणावर पैसा घालून भागत नाही. दार लावून समुद्राला बाहेर थोपवावं लागतं आणि आतलं पाणी पंपाने उचलून टाकावं लागतं. हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझधरबंध ही उदंचन केंद्रं त्यासाठीच बांधली गेली. पुस्तकातली समीकरणं मी परीक्षेपुरती पाठ केली होती. त्यांचा अर्थ एका मैलकुलीने डांबराने भिंतीवर लिहून ठेवला होता, हे मला तेव्हा उमगलं.

याच काळात डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली २००५ च्या पुरासाठी नेमलेल्या सत्यशोधन समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. चितळेसाहेबांना मी कधी भेटलो नाही, पण त्या अहवालाचं माझ्यावर मोठं ऋण आहे. मी तोवर शहर वॉर्डांत बघत होतो, कारण निधी वॉर्डात येतो आणि तक्रारीही वॉर्डात येतात. पाण्याला वॉर्डाची हद्द माहीत नसते. मिठी नदी विहार आणि पवईकडून निघून माहीमच्या खाडीपर्यंत जाते, तिच्या काठाचा एक तुकडा सुधारून बाकीचा तसाच ठेवला तर त्रास फक्त जागा बदलतो. नदीचं सगळं पाणलोट एकत्र बघायची सवय मला त्या वाचनाने लागली. वरच्या वस्तीतलं गटार आधी रुंद केलं की खालच्या वस्तीत पाणी लवकर आणि जास्त पोचतं. म्हणून काम तोंडापासून सुरू करायचं आणि उगमाकडे सरकायचं, हा नियम मी तेव्हापासून धरून आहे.

पण नुसत्या या नियमानेही भागत नाही, हे मला हिंदमाताने शिकवलं. दादर-परळचा तो भाग बशीसारखा खोलगट. त्याचं पाणी ज्या बाजूला जातं तिथे, रे रोडला, ब्रिटानिया उदंचन केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं, तरी पुढच्या पावसाळ्यांतही हिंदमाताला पाणी भरतच राहिलं. शेवटी जवळच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर मैदानाखाली भूमिगत टाक्या बांधाव्या लागल्या. जोराचा पाऊस आधी टाकीत साठवायचा आणि भरती ओसरली की सोडून द्यायचा. सिडकोने नवी मुंबई वसवताना हाच विचार धारण तलावांच्या रूपाने आधीच केला होता. पाणी घालवण्याइतकंच थांबवण्यालाही मोल आहे, हे कळल्यावर मला आमची खाचरं पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसली.

कामांचा क्रम कसा लावायचा, हा या व्यवसायातला सगळ्यात अवघड भाग. नव्या उमेदीत मी एका शहरासाठी पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांची यादी तयार केली आणि जिथून तक्रारी जास्त ते ठिकाण वर, असा क्रम लावला. मला ते न्याय्य वाटत होतं. साहेबांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "ज्यांच्याकडून एकही तक्रार आलेली नाही ते लोक कुठे राहतात, ते मला नकाशावर दाखवा." मला दाखवता आलं नाही. मग त्यांनी मला नाल्याच्या काठच्या वस्त्यांत पाठवलं.

कुर्ल्याला मिठीच्या काठी एका खोलीत मी पट्टी घेऊन गेलो. भिंतीवरचा डाग मोजला आणि वहीत उंची लिहिली. घरातल्या ताई बघत होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, पाणी गुडघाभरच होतं. पण उतरायचं नाव घेईना. स्टोव्ह पेटवायला जागा नाही, संडासला जायला वाट नाही. पोराला मांडीवर घेऊन रात्रभर पलंगावर बसले. ते कुठे लिहिता तुम्ही?" माझ्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. त्या दिवशी मी 'किती वेळ' असा रकाना वाढवला. आज माझ्या प्रत्येक तक्त्यात तो उंचीच्या आधी येतो. रस्त्यावर तासभर उभं राहिलेलं पाणी आणि घरात रात्रभर मुक्काम केलेलं पाणी यांना एकच गुण देणं अन्याय आहे, ही समज मला त्या ताईंनी दिली. त्यांचं नावही मी तेव्हा विचारलं नाही.

पुढे माझा मुक्काम पुन्हा मोहोपाड्याला आला. तात्या त्याआधीच गेले होते. मधल्या वर्षांत गाव फार वाढलं होतं. खाचरांवर भराव पडला, इमारती उभ्या राहिल्या, सोसायट्यांच्या कुंपणभिंती वहाळाला येऊन टेकल्या. मी हिशेब मांडला. एक हेक्टर जमिनीवर तासभर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं ५ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ५० टँकर. त्याच हेक्टरावर खाचरं असताना बांधाआड नुसतं १० सेंटिमीटर पाणी जरी थांबलं, तरी १० लाख लिटर थोपवलं जायचं. शेतकऱ्यांचे बांध दरवर्षी हे काम बिनबोभाट करत होते आणि त्याचा मोबदला त्यांनी कधी कुणाकडे मागितला नाही.

मोऱ्यांकडे बघितलं तर काही ठिकाणी ६०० मिलिमीटरचे दोन पाइप शेजारी शेजारी टाकलेले. बघणाऱ्याला वाटतं, दोन मिळून १२०० झाले. पण उतार तोच असला तर १२०० चा एक पाइप त्या दोघांच्या तिपटीहून जास्त पाणी नेतो. शिवाय लहान पाइपात झाडाची फांदी आणि प्लॅस्टिकची पिशवी अडकली की तो चोंदतो आणि साफ करायला माणूस आत जाऊ शकत नाही.

गावातल्या काही मंडळींना घेऊन मी यादी करायला बसलो. पुराची जुनी आठवण असलेली माणसं शोधली, घराघरांतल्या बायकांना 'किती वेळ' ते विचारलं. प्रत्येक मोरीच्या दोन्ही अंगांना पावसात उभं राहून खुणा केल्या. जिथे वरची खूण उंच आली, त्या मोऱ्या यादीत वर गेल्या. जिथे दोन्ही खुणा सारख्या आल्या, तिथे मोरीवर खर्च सुचवला नाही. लोहोपच्या पुलाजवळ पाताळगंगेची धोक्याची पातळी २१.५२ मीटर धरतात. नदी त्या पातळीकडे चढू लागली की खालच्या घरांना वेळेत निरोप कसा पोचवायचा, ते यादीत त्या जागांपुढे लिहिलं. २०२३ च्या जुलैत पाताळगंगेने ती पातळी ओलांडली, आणि त्याच पावसात आमच्या तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पावसाची तयारी ही हौसेची गोष्ट नाही, हे आम्हाला कुणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

यादीचा क्रम असा लागला. पहिल्यांदा बिनपैशाचं किंवा थोड्या पैशाचं काम, म्हणजे मे महिन्यात मोऱ्या आणि वहाळ मोकळे करणं आणि काढलेला गाळ काठावर न ठेवता लांब नेणं. मग नदीकडून वर सरकत अडणाऱ्या मोऱ्या. मग रस्त्याकडेची गटारं. आणि या सगळ्यांच्या बरोबरीने वहाळाची उरलेली रुंदी मोजून नकाशावर नोंदवून घेणं, कारण ती एकदा गेली की कितीही पैसा ओतून परत मिळत नाही. यातलं काही झालं आहे, बरंच व्हायचं आहे.

या यादीत माझं स्वतःचं असं फार थोडं आहे. दोन खुणांची कसोटी तात्यांची, चौपटीचा गुणाकार आणि नकाशावरचा तो प्रश्न साहेबांचा, पाणलोट एकत्र बघण्याची दृष्टी चितळे समितीची, वेळेचा रकाना कुर्ल्याच्या ताईंचा, पाणी थांबवण्याची युक्ती आमच्याच शेतकऱ्यांची. हे ऋण त्यांना परत करता येणार नाही, ते पुढच्याच्या हाती द्यावं लागेल. म्हणून गावातली मुलं हल्ली माझ्याबरोबर येतात तेव्हा मी त्यांना आधी मोरीच्या दोन्ही अंगांना उतरवतो आणि मग शेजारच्या घरी पाठवतो, पाणी किती वेळ थांबलं ते विचारायला. वाचकांनाही माझी एवढीच विनंती आहे. जून लागायच्या आत आपल्या घराचं पाणी कुठल्या मोरीतून जातं ते एकदा बघून यावं, आणि त्या मोरीच्या खालच्या अंगाला कोण राहतं त्यांच्याशी ओळख करून घ्यावी.