जुनी मॉरिस, नवे ब्रेक

कृषी खात्यातला माणूस आज खताचे हप्ते सोडून मोटारीवर लिहितो आहे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण जुनी वस्तू मोडीत काढावी की दुरुस्त करावी, आणि दुरुस्त करताना तिच्यात किती फेरफार करावा, हा प्रश्न तुमच्याही घरी विहिरीवरच्या पंपापासून ट्रॅक्टरपर्यंत उभा राहतोच. म्हणून ही हकिगत सांगतो.

माझे सासरे पशुवैद्य होते. त्यांची १९५५ सालची मॉरिस मायनर मोटार त्यांच्या पश्चात वीस वर्षे गोठ्याशेजारच्या छपरात, कडब्याच्या आड पडून होती. भंगारवाल्याने वजनावर भाव केला, तेव्हा सासूबाई एवढेच म्हणाल्या, "जावईबापू, एकदा तिच्यात बसून जोतिबाला जायचं होतं." त्यांचे वय तेव्हा ब्याऐंशी. मोटार ट्रॉलीवर चढवून आम्ही घरी आणली. आता काम साधे राहिले नव्हते. जोतिबाचा डोंगर चढायचा म्हणजे तो उतरायचाही असतो, आणि आत घरची माणसे बसणार होती.

ही मोटार मूळची इंग्लंडची. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने तिचा आराखडा केला आणि १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला परवडावी, हा तिचा हेतू. १९७०च्या दशकाच्या आरंभी उत्पादन थांबेपर्यंत अशा १६ लाखांहून अधिक मोटारी निघाल्या. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने तिलाच 'बेबी हिंदुस्थान' म्हणून विकले. गंमत अशी, की नमुन्याची मोटार तयार झाल्यावर ती इसिगोनिसला अरुंद वाटली. त्याने ती उभी मधोमध कापायला लावली आणि दोन्ही अर्धे चार इंच दूर सरकवून पाहिले. बॉनेटच्या मध्यावर दिसणारा रुंद पट्टा ही त्याचीच खूण. तेव्हा फेरफार तर हिच्या जन्मापासूनच आहे. इंग्लंडात आजही कित्येक माणसे सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅरेजमध्ये हीच मोटार स्वतःच्या हाताने उभी करतात. त्यामुळे पत्र्यापासून दाराच्या रबरापर्यंत तिचे भाग अजून नवे मिळतात.

पहिल्याच रविवारी पुतण्या रंगाचा डबा घेऊन हजर! मी त्याला थांबवले. माती तपासल्याशिवाय खत घालू नये, हे तीस वर्षे तुम्हांला सांगत आलो; मोटारीला वेगळा न्याय कसा लावू? हिला ट्रकसारखी वेगळी चेसी नाही. सगळा भार पत्र्याच्या अंगावरच असतो, आणि दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या हा तिचा कणा. वरून रंग बरा दिसत होता, पण स्क्रू ड्रायव्हरने टोचले की पत्रा पापडासारखा मोडत होता. दाराच्या चौकटीत आधी लोखंडी अँगल जोडून घेतला, मोटार ठोकळ्यांवर पाणसळ लावून समतल ठेवली आणि एका वेळी एकच बाजू कापून नवी जोडली. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर मोटार मधोमध वाकते, मग दारे कधीच नीट लागत नाहीत.

दुसरी तपासणी पुढच्या चाकांची. प्रत्येक चाक खाली आट्यांच्या एका सांध्यावर तोललेले असते. त्यात दर हजार मैलांनी, म्हणजे सोळाशे किलोमीटरनी, ग्रीस भरावे लागते. ग्रीस नसले की आटे झिजतात आणि चालत्या मोटारीचे चाक मुडपते. आमचे दोन्ही सांधे झिजलेले निघाले; दोन्ही बदलले.

मग फेरफाराचा प्रश्न आला. पुतण्याचे म्हणणे, "काका, मारुतीचं इंजिन बसवू, पळेल तरी!" मूळचे इंजिन ८०३ सीसीचे, जेमतेम ३० अश्वशक्तीचे. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम वाहनाच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालते. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. तीत वाहन मूळ रूपात असावे लागते. चेसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. त्या नोंदणीवर रोजचा वापरही करता येत नाही. आम्ही साधीच नोंदणी ठेवली, पण इंजिन मूळचेच ठेवले. सासऱ्यांच्या पुस्तकातला इंजिन नंबर आणि मोटारीवरचा नंबर एकच राहावा, अशी माझ्या पत्नीचीही इच्छा होती.

बदल केले ते जिवाशी गाठ असलेल्या ठिकाणी. याच मोटारीच्या १९६२ नंतरच्या आवृत्तीत पुढच्या चाकांना सातऐवजी आठ इंची ब्रेक ड्रम आले. ते हिला बसतात, ते बसवले. पट्टे मुळात नव्हतेच. पत्र्याला आतून जाड पट्टी वेल्ड करून पट्ट्यांची जागा केली. वळताना हिच्या खांबातून एक दिव्याचा दांडा बाहेर येतो. तो आम्ही चालू ठेवला, पण आजच्या रस्त्यावर त्याकडे कोण बघतो? म्हणून लुकलुकणारे पिवळे दिवे जास्तीचे लावले.

पेट्रोलची गोष्ट तर तुमच्या उसाशी जोडलेली आहे. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या उसाला त्याने गिऱ्हाईक मिळाले हे चांगलेच. पण जुन्या रबराला ते फुगवते आणि पाणी शोषून टाकीला गंज चढवते. म्हणून सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, कार्बोरेटरमधून पेट्रोल थोडे जास्त जाईल असे बसवले, आणि मोटार महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करतो. २००० सालापासून पेट्रोलमधले शिसेही गेले. व्हॉल्व्हच्या जागा झिजण्यापासून तेच राखत असे. म्हणून हेडमध्ये कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या.

या सगळ्यात दीड वर्षाचे रविवार गेले. पत्नीने खर्चाची वही ठेवली होती. त्या पैशांत दोन नव्या मोटारसायकली आल्या असत्या. हा व्यवहार फायद्याचा होता असे मी सांगणार नाही. पण चैत्राच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर सासूबाई पुढच्या सीटवर पट्टा लावून बसल्या. उतरताना मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो आणि ब्रेक चारी चाकांना सारखा लागत होता. खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "यांच्या वेळी इथं माझ्या पोटात गोळा यायचा. आज आला नाही."

आता तुमच्या घरचे पाहा. कोपऱ्यात पडलेले ऑइल इंजिन, वडिलांचा ट्रॅक्टर, मळणी यंत्र. त्यातले सगळेच वाचवण्यासारखे नसते. पण भंगारात घालण्यापूर्वी एक रविवार काढून ते मुला-मुलींसमोर उघडा. सुटे भाग डब्यांत घालून त्यांवर नावे लिहा आणि उघडताना प्रत्येक टप्प्याचे फोटो घ्या. कणा शाबूत आहे का ते आधी पाहा, मगच खर्चाचा हिशेब मांडा. जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे जुन्याचा हट्ट धरू नका. आणि आपण केलेला बदल उद्या मुलांना काढून मूळचे परत बसवायचे झाले तर ते जमेल, अशा बेताने करा. आमच्या मोटारीचे ते जुने सात इंची ड्रम तेल लावून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले आहेत.