मुनीम

त्याला स्वतःचा आवाज नाही. स्टुडिओत पहिल्यांदा येणाऱ्याला हे आधी सांगावं लागतं, कारण लोकांना वाटतं की संगणकात बसून हाच सगळं वाजवतो. तो वाजवत नाही, लिहितो. कोणता सूर, किती जोरात, किती वेळ. त्याच्या वहीत सुरांना नावं नाहीत, शून्यापासून 127 पर्यंतचे आकडे आहेत. पेटीवरची मधली काळी एक म्हणजे त्याच्या लेखी 61. यंत्रवाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून 1983 साली मिडी नावाची भाषा ठरली, तीच त्याची लिपी. त्यानं मांडलेले आकडे मग व्हायोलिननं वाचायचे की बासरीनं, ते आपण ठरवायचं.

जात सांगायची तर प्लगइन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. स्केलर, कॅप्टन कॉर्ड्स ही त्याच्याच भावकीतली नावं. आमच्या अमरावतीच्या खोलीत मात्र तो मुनीम आहे. हे नाव अकोल्याच्या एका काकांनी दिलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कापसाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून काढली आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी धरली. पडद्यावर एकाखाली एक मांडलेल्या रांगा त्यांनी बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाले, "हा तं आमच्या अडतीवरचा मुनीम हाये. माल त्याचा नाई, पैसा त्याचा नाई, पन त्याच्याबिगर हिशोब हालत नाई."

हिशोबाला तो खरंच पक्का आहे. पट्टी आणि सप्तक सांगितलं की सात सुरांवर सात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-तीन सूर, मांडून देतो. रीत सोपी आहे: एक सूर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्याच्या पुढचा घ्यायचा. सा-ग-प, रे-म-ध, ग-प-नी. शुद्ध सुरांत सा, म आणि प यांच्यावरच्या कॉर्ड उजळ लागतात, रे, ग आणि ध यांच्यावरच्या सावळ्या, आणि नीवरची अवघडून बसते. कोणत्या कॉर्डनंतर कोणती शोभेल तेही तो सुचवतो. त्याचा एक भाऊ त्या कॉर्डचा पाया धरून खर्जाची ओळ लिहितो, म्हणजे बेसलाइन. दुसरा वरची चाल लिहितो. इथे कॉर्ड बदलली की त्या दोघांच्या वह्या आपोआप दुरुस्त होतात.

मला त्याचं अप्रूप का, ते सांगतो. मी अमरावतीत वाढलो. पियानो पाहिला तो सिनेमात. आपल्याकडे सूर एकामागून एक येतात. तीन सूर एकाच वेळी उभे करायचे आणि त्यांच्यावर गाणं ठेवायचं, ही रीत शिकवणारं माणूस मला भेटलं नाही. 2016 साली 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद वाजवून घेतला. ते ऐकून रात्रभर झोप नव्हती. एवढे वादक आपण कुठून आणायचे? मुनीम आला आणि त्यानं निदान त्या घराचा नकाशा माझ्यापुढे पसरला.

काका आले होते ते कावडीचं गाणं घेऊन. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन पोरं अकोल्याला राजराजेश्वराकडे येतात, शेवटच्या सोमवारी तर रस्ता दिसत नाही. त्यांच्या मंडळासाठी काकांनी चाल बांधली होती. पट्टी काळी एक, अंग भूप रागाचं. सा रे ग प ध, बस. मी चाल मुनीमाला दिली, सप्तक शुद्ध सुरांचं सांगितलं, आणि त्यानं क्षणात चार कॉर्ड मांडल्या: सा, प, ध, म. जगभरातली शेकडो लोकप्रिय गाणी याच चार पावलांवर चालतात. मला आवडलं. काकांनी हात वर केला.

"मध्यम कोनं आनला?"

कुणीच गायला नव्हता. पण मच्या कॉर्डमध्ये म येतो आणि पच्या कॉर्डमध्ये नी. भूपात दोन्ही वर्ज्य. एरवी ते कानाआड झाले असते, पण ज्यानं चाळीस वर्षं पेटी धरली त्याच्या कानाला ते दारातच दिसले. मग आम्ही वही उघडून बसलो. भूपाच्या पाच सुरांत पूर्ण कॉर्ड फक्त दोन बनतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. सातांतल्या बाकीच्या पाचांत म किंवा नी शिरतोच. मी हिरमुसलो. काका म्हणाले, "मधला काढून पाय ना." कॉर्डचा मधला सूर काढला की उरते ती नुसती पंचमाची जोडी: सा-प, रे-ध, प-रे, ध-ग. चारही भूपाच्या आतल्या. दोन कॉर्ड आणि चार जोड्या, एवढं भांडवल पुरलं. मुनीमाला ते सांगितल्यावर त्यानं त्याच तत्परतेनं तेही मांडलं. सांगितलेलं तो कधी कमी लेखत नाही, हा त्याचा मोठा गुण.

चाल लिहिणाऱ्या भावाकडून मी काही घेत नाही. मागाल तितक्या चाली तो देतो, आणि सूर कुठेच चुकत नाही. पण त्याला शब्द ऐकू येत नाहीत. 'मले' म्हणताना आमच्या तोंडात 'ले' किती हलका सुटतो, ते आकड्यांच्या वहीत कुठे लिहायचं? त्यानं तिथेच दोन मात्रा थांबायला सांगितलं होतं. लयीचंही तसंच. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या वळणाचं भजन ऐकलेल्या माणसाला ठाऊक असतं की लय पायरीनं चढत नाही, उतू येते. संगणकात तो चढ आपल्या हातानं, रेष ओढून, द्यावा लागतो.

बाहेरून आलेला म्हणून मुनीमाला दारात उभं ठेवणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. काकांची पेटीही युरोपातूनच आली. तिला मींड येत नाही म्हणून आकाशवाणीनं 1940 पासून तीस वर्षांहून अधिक काळ तिच्यावर बंदी घातली होती. तेवढ्या काळात वऱ्हाडातल्या एकाही देवळातून ती हलली नाही.

गाणं झालं त्या संध्याकाळी काका उठेनात. मुनीम एका कळीवर अख्खी कॉर्ड बांधून देतो, तशी मी ध-सा-गची बांधून दिली होती. एका हातानं ते पेटीवर आपलाच गंधार धरून होते, दुसऱ्या हाताच्या एका बोटानं संगणकाला जोडलेल्या कीबोर्डवरची कळ दाबत होते. खाली सा-ग-प असताना जो गंधार दिवाळीच्या सकाळसारखा वाटत होता, तोच खाली ध येताच सांज झाल्यासारखा ओला झाला. गंधार जागचा हलला नव्हता.

"सूर तं तोच हाये ना बापा?" त्यांनी विचारलं.

"तोच आहे, काका."

"मंग हे मले आजलोक कोनं दाखवलं काऊन नाई?"

अकोल्याची शेवटची गाडी किती वाजता आहे, असंही त्यांनी विचारलं, आणि मी घड्याळ पाहीपर्यंत पुन्हा तीच कळ दाबली.