उलट्या क्रमानं भेटलेला नायक

सिनेमाचा नायक आपल्याला आधी तरुण भेटतो, मग आपल्या डोळ्यांदेखत त्याचे केस पिकतात. अशोककुमारच्या बाबतीत माझ्या पिढीचं उलटं झालं. आम्हाला तो भेटला तोच म्हातारा होऊन. जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता आणि मी प्राथमिक शाळेत. बडकी, मझली, लल्लू, नन्हे यांचं त्या दिवसापुरतं रडगाणं आटोपलं की जाड चष्म्यातून बघत तो यायचा, कुणाचं काय चुकलं ते समजावून सांगायचा आणि जाता जाता 'छन पकैया'चा एखादा तुकडा टाकायचा. देशभरातली तरुण पोरं त्याला पत्रं लिहायची, आमच्या आईवडिलांना लग्नासाठी राजी करा म्हणून गळ घालायची. आम्हा पोरांना मात्र तो मालिकेनंतरचा शाळेचा तास वाटायचा.

आजीचं तसं नव्हतं. पुण्यात रास्ता पेठेतल्या आमच्या वाड्यात ती सबंध मालिकाभर खाली मान घालून फुलवाती वळत बसायची. अशोककुमार आला की कापसाचं ताट बाजूला सारायची, पदर सारखा करायची आणि सरसावून बसायची. म्हाताऱ्या माणसासाठी पदर कशाला सारखा करायचा, हे मला कळत नव्हतं. आई नुसती गालात हसायची.

पुढं रविवारच्या हिंदी सिनेमांतही तो वडीलधाराच निघाला. 'खूबसूरत'मध्ये रेखाशी गट्टी करणारा सासरा, 'खट्टा मीठा'मध्ये म्हातारपणी पुन्हा बोहल्यावर चढणारा पारशी. आणि 'छोटी सी बात'मधला कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग! बासू चटर्जींच्या या सिनेमात अमोल पालेकरचा भिडस्त अरुण मुलीशी बोलायचं कसं हे शिकायला थेट खंडाळा गाठतो. दुसऱ्या कुणीही या भूमिकेचं विदूषकी सोंग केलं असतं. अशोककुमार करतो काय, तर ऐकतो. पालेकर अडखळत आपली रडकथा सांगत असतो आणि कर्नल मान किंचित कलती ठेवून ती अशा गांभीर्यानं ऐकतो, जणू समोर लढाईचा नकाशा पसरलाय. हसू येतं ते त्या गांभीर्याचं. समोरच्याचं वाक्य पहिल्यांदाच कानावर पडतंय असं दाखवता येणं, हे मला अभिनयातलं सगळ्यात अवघड काम वाटतं आणि आपल्याकडे ते जमणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

(त्याच काळात शम्मी कपूरबरोबरची ती पान परागची जाहिरात यायची. मला ती कधीच आवडली नाही. पण त्यातही तो बोलतो कसा, ते बघावंसं वाटायचं.)

पहिला धक्का बसला तो गणपतीत. आमच्या गल्लीत आडवा पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुढं जागा मिळाली नाही की आम्ही पडद्याच्या मागं बसायचो. तिथून अक्षरं उलटी दिसायची आणि सगळे नट डावखुरे. असाच मागून मी 'ज्वेल थीफ' पाहिला. शेवटी खरा चोर कोण ते उघड झालं, तेव्हा पोरांमध्ये कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरे, हा तर हम लोगवाला!" विजय आनंदनं १९६७ मध्ये नेमकं हेच हेरलं होतं. या माणसावर कुणालाच संशय येणार नाही. सिनेसृष्टी त्याला दादामुनी म्हणत होती, प्रेक्षक त्याच्याकडे कुटुंबप्रमुख म्हणून बघत होते. त्या विश्वासाच्या आडच चोर दडवला होता.

यातली गंमत कळायला आणखी काही वर्षं जावी लागली. कारण हिंदी सिनेमात नायकानं चोर असण्याची रीत पाडली ती यानंच. १९४३ चा 'किस्मत' मी कॉलेजात असताना, घासून झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. तोंडात सिगरेट, चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही, असा हा शेखर नावाचा पाकीटमार. दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी, संगीत अनिल विश्वासांचं. कोलकात्याच्या रॉक्सी थिएटरात हा सिनेमा तीन वर्षांहून जास्त चालला. महायुद्ध झालं, बंगालचा दुष्काळ झाला, पण 'किस्मत' उतरला नाही. आज तो पाहताना कथेतले योगायोग नको होतात, पण अशोककुमार खटकत नाही. आजूबाजूची माणसं नाटकात बोलावं तशी बोलतायत आणि हा खोलीत बोलावं तसं बोलतोय. आजीच्या पदराचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

त्या काळातल्या अशोककुमारविषयी सर्वांत सुंदर लिहिलंय ते उर्दू कथाकार मंटोनं. फिल्मिस्तान आणि बॉम्बे टॉकीजच्या दिवसांत दोघं जिवलग होते. फाळणीच्या दंग्यांत एकदा अशोककुमार मोटार चालवतोय, शेजारी मंटो, आणि गाडी मुसलमान वस्तीत शिरून एका वरातीपाशी अडकते. मंटोच्या पोटात गोळा येतो. एवढ्यात दोन तरुण पुढं होतात आणि अशोकभाईला सांगतात, इथून वाट मिळायची नाही, बाजूच्या गल्लीनं काढा. बस, एवढंच. लोकप्रियतेचं याहून मोठं माप मला माहीत नाही. पुढं जानेवारी १९४८ मध्ये मंटो पाकिस्तानात गेला.

मराठी वाचकाला त्या काळातला आणखी एक धागा जवळचा वाटेल. 'कंगन', 'बंधन', 'झूला' या ओळीनं आलेल्या तीन सिनेमांत त्याची नायिका लीला चिटणीस होती. मराठी रंगभूमीवरून आलेली, पदवीधर. डोळ्यांनी बोलायची कला आपण अशोककुमारकडून शिकलो, असं त्या सांगत.

मी असा मागं मागं सरकत राहिलो. मधले टप्पे भराभर ओलांडतो, कारण ते तुम्हाला ठाऊक असतील: 'महल', एकही गाणं नसलेला 'कानून', धाकट्या दोघा भावांबरोबरची 'चलती का नाम गाडी'. थांबायचं ते 'बंदिनी'पाशी. १९६३ साल, अशोककुमार पन्नाशी ओलांडलेला, आणि भूमिका नूतनच्या प्रियकराची. एका बाजूला उमदा, देखणा, तिच्याशी लग्न करायला तयार असलेला धर्मेंद्र, दुसऱ्या बाजूला हा आजारी, थकलेला, तिला एकदा सोडून गेलेला क्रांतिकारक. नूतन अखेरच्या क्षणी याच्याकडे धावते. आमच्या मैत्रिणींमध्ये यावरून अजून भांडणं होतात. माझं म्हणणं असं, की हा शेवट कागदावर कुणालाही पटणार नाही, आणि बिमल रॉय यांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी असा नट घेतला, जो घाटावरच्या त्या खोलीत एक अक्षर न बोलता नुसता खोकत बसला तरी त्याच्या मागं एक आयुष्य दिसतं.

वयाशी त्यानं केलेला सौदा सर्वांत विलक्षण दिसतो तो 'पाकीजा'त. कमाल अमरोहींनी १९५० च्या दशकात हा सिनेमा हाती घेतला, तेव्हा नायक म्हणून अशोककुमारच ठरला होता. काम रखडत गेलं. १९७२ मध्ये सिनेमा लागला, तोवर प्रियकर राजकुमार झाला होता आणि अशोककुमार नायिकेचा बाप. दुसरा एखादा नायक रुसून घरी बसला असता. यानं ती भूमिका अशी केली, की पहिली निवडच चुकीची होती असं वाटावं. त्या सिनेमाचा छायालेखक जोसेफ वीर्शिंग. छत्तीस साली 'अछूत कन्या'त अशोककुमारचा कोवळा चेहरा टिपला होता तोही वीर्शिंगनंच. 'पाकीजा' पुरा व्हायच्या आधीच तो वारला.

'अछूत कन्या' मी सगळ्यात शेवटी पाहिला, पुण्याच्या फिल्म आर्काइव्हमध्ये. अशोककुमार मूळचा कुमुदलाल गांगुली, खांडव्याच्या वकिलाचा मुलगा. खांडवा तेव्हा आपल्या विदर्भाच्याच प्रांतात होतं. कायद्याच्या परीक्षेत आपटला आणि मुंबईला मेहुणे शशधर मुखर्जींकडे आला. त्यांनी मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये प्रयोगशाळेत चिकटवलं. मग 'जीवन नैया'चा नायक नजमुल हसन आणि मालकीणबाई देविका राणी पळून गेले. देविका राणी परत आल्या, नजमुलला दार बंद झालं, आणि स्टुडिओचे मालक हिमांशू राय यांनी प्रयोगशाळेतल्या या पोराला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेनला तो पसंत नव्हता म्हणतात.

पडद्यावर बघितलं आणि ऑस्टेनचं म्हणणं पटलं. हातांचं काय करायचं ते पोराला कळत नाही. आवाज कोवळा, नजर बुजरी. पार्श्वगायन अजून रुळायचं होतं, म्हणून गातोही स्वतःच, परीक्षा दिल्यासारखा. याच माणसानं बत्तीस वर्षांनी 'आशीर्वाद'मध्ये मुलांना भोवती घेऊन आगगाडीचं गाणं स्वतःच्या आवाजात धडधडवलं आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. मधल्या काळात काय काय शिकला असेल!

१३ ऑक्टोबर हा त्याचा वाढदिवस. १९८७ मध्ये त्याच दिवशी धाकटा भाऊ किशोरकुमार गेला, आणि नंतर अशोककुमारनं वाढदिवस साजरा केला नाही म्हणतात. १० डिसेंबर २००१ ला चेंबूरच्या घरी, नव्वदाव्या वर्षी तो गेला. दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात फोटो होता तो तरुणपणचा, केस चापून बसवलेला. मला तो परका वाटला.

तरुण मंडळी अधूनमधून विचारतात, अशोककुमार बघायचा तर सुरुवात कुठून करू? जाणकार 'अछूत कन्या' सांगतील. ऐकू नका. आधी 'छोटी सी बात' बघा, मग 'आशीर्वाद', 'ज्वेल थीफ', 'बंदिनी', मग 'किस्मत'. 'अछूत कन्या' सगळ्यात शेवटी ठेवा.