ताईचा लॅपटॉप, आईची गोधडी

“बंद पडला गं पुन्हा!”

ताईचा रडवेला आवाज ऐकून मी हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आले. एप्रिल २०२४ ची गोष्ट. चार दिवसांची रजा काढून मी होसकोट्याला तिच्याकडे गेले होते. बंगळुरूच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावरचं हे गाव. इकडे बारा महिने गार हवा असते, असं ऐकतच आम्ही बहिणी मोठ्या झालो. पण याच बंगळुरूत २४ एप्रिल २०१६ ला पारा ३९.२ अंशांवर गेला होता. ती दुपारही काही फार वेगळी नव्हती.

ताई पुण्यातल्या तीन व्यापाऱ्यांचे हिशेब घरबसल्या सांभाळते. त्यांचं जीएसटीचं मासिक विवरणपत्र २० तारखेच्या आत भरावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. त्या दिवशी १८ तारीख होती आणि तिन्ही विवरणपत्रं बाकी होती.

“दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड गेला. १८ हजार घालण्यापेक्षा हे कामच सोड ना,” भाऊजी म्हणाले. ते वाईट हेतूने बोलले नव्हते. पण ताई गप्प झाली. लग्नानंतर चौदा वर्षांनी तिच्या हातात स्वतःच्या कमाईचे पैसे येऊ लागले होते. ते १८ हजारांच्या तराजूत कसे तोलायचे?

मी लॅपटॉपला हात लावला तर चटका बसला. तो ठेवला होता पलंगावर, आईने शिवलेल्या गोधडीवर. बहुतेक लॅपटॉप खालच्या बाजूच्या फटींतून गार हवा आत ओढतात आणि कडेने किंवा मागून गरम हवा बाहेर टाकतात. गोधडीत त्या फटी पुरत्या बुजल्या होत्या. तोंडावर उशी दाबून माणसाला पळायला सांगावं, तसा प्रकार!

तेवढ्यात ताई बर्फाची पिशवी घेऊन आली. मी आमच्या ऑफिसात संगणक बघणाऱ्या गृहस्थांना फोन लावलाच होता. ते जवळजवळ ओरडलेच, “बर्फ नको! गार पत्र्यावर आतून दव धरतं. पाणी विजेच्या भागांवर गेलं तर खरंच मदरबोर्ड जाईल.” मग त्यांनी विचारलं, “पंखा वाजतो का?”

खरंच की! मशीन एवढं तापूनही पंखा चिडीचूप होता.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे, मशीन जरा निवल्यावर मी ‘कंट्रोल पॅनल’ उघडलं. ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन चालू योजनेच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’, तिथे ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’ आणि त्याखाली ‘सिस्टिम कूलिंग पॉलिसी’. तिथे ‘पॅसिव्ह’ लिहिलेलं! ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे तापल्यावर आधी पंखा जोरात फिरवायचा, मग गरज पडली तर प्रोसेसरचा वेग कमी करायचा. ‘पॅसिव्ह’मध्ये उलट, आधी वेग कमी, पंखा नंतर. उष्णता आवरण्याचे हे दोन मार्ग १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून केलेल्या नियमावलीतच होते. गेले कित्येक दिवस ताईचं काम मुंगीच्या पावलाने का चाललं होतं, ते आता कळलं.

“हे कोणी केलं?” मी विचारलं. तेरा वर्षांचा भाचा मान खाली घालून म्हणाला, “आजीला दुपारी पंख्याच्या आवाजाने झोप लागत नव्हती.” आता याला रागवायचं कसं?

बॅटरीवर असतानाची आणि वीज जोडलेली असतानाची, अशा दोन्ही ओळी मी ‘अ‍ॅक्टिव्ह’ केल्या. (काही लॅपटॉपवर ही ओळ दिसतच नाही, त्यांचा पंखा कंपनीची स्वतःची व्यवस्था सांभाळते.) मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडला. भाच्याचा एक खेळ मागच्या मागे चालूच होता. तो बंद केला.

पंखा सुरू झाला, पण आवाज घरघरता आणि बाहेर येणारी हवा अगदी क्षीण. मशीन मध्येच बंद पडण्याचं खरं कारण अजून आतच होतं. प्रोसेसर सोसण्यापलीकडे तापला की नुकसान होऊ नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. म्हणजे पहिल्या दुकानदाराने ज्याला बिघाड म्हटलं, तो मशीनचा बचाव होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातल्या दुसऱ्या एका छोट्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने झाकण उघडलं आणि म्हणाला, “बरी धूळु!” मी चकित. धूळ आणि बरी? ताई हसू लागली. कन्नडमध्ये ‘बरी’ म्हणजे नुसती! पंख्यापुढच्या बारीक जाळीवर धुळीचा जाड थर बसला होता. पुढे बांधकाम, मागे रस्त्याचं काम, खिडक्या दिवसभर उघड्या. दुसरं काय होणार? त्याने ती झटकली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावला, बॅटरी फुगलेली नाही ना तेही पाहिलं. ६०० रुपये झाले. भाऊजींनी पाकीट काढलं, पण ताईने आधीच नोटा पुढे केल्या होत्या.

घरी आल्यावर भाऊजी काही न बोलता माळ्यावरून जेवणाचा पाट काढून घेऊन आले. “यावर ठेव. खालून हवा खेळेल,” म्हणाले. गोधडीची घडी कपाटात गेली.

शनिवारी २० तारखेला दुपारी साडेतीनला तिसरं विवरणपत्र भरून झालं. पंखा घोंघावत होता. “केवढा आवाज करतंय मेलं,” असं म्हणत ताईच्या सासूबाईंनी कूस बदलली आणि पाचव्या मिनिटाला त्या घोरू लागल्या.