छोटीस, प्रेसनोटबद्दल

बीड, घटस्थापना



तुझ्या सीताफळ गराच्या कंपनीची प्रेसनोट व्हॉट्सॲपवर मिळाली. ‘एआयकडून लिहून घेतलीय आत्या, फक्त नजर घाल,’ म्हणालीस. घातली. शुद्धलेखन आमच्या पेपरच्या डेस्कवरच्या निम्म्या मंडळींपेक्षा बरं आहे.

हसू आलं ते ‘गुणवत्ता आणि विश्वासाचा संगम’ वाचून. चॅटजीपीटी आलं 2022 च्या नोव्हेंबरात. हा संगम आपल्या जिल्ह्यातल्या उद्घाटनांच्या बातम्यांत त्याआधी कैक वर्षं वाहतोय. ‘मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते’, ‘सर्व स्तरांतून कौतुक होत आहे’ हे आम्हीच छापत आलो. तेव्हा भाषेवरून यंत्राला बोल लावायचं तोंड मला नाही.

दुखणं वेगळंच आहे. तू चार ओळी दिल्यास आणि त्याने पानभर मजकूर केला. मधलं सगळं आलं कुठून? ‘अत्याधुनिक उष्णता प्रक्रियेने टिकवलेला गर’ म्हणे. अगं, सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून तर तुम्ही तो न तापवता उणे 18 अंशांखाली गोठवता. धारूरच्या बाजारात शेंबडं पोरही हे सांगेल. यंत्राने आंब्याचा डगला सीताफळाला चढवला, झालं. पुढे ‘कंपनीला जीआय मानांकन प्राप्त’. ते 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला मिळालं, तुझ्या कंपनीला नव्हे. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झाली असेल तर तेवढंच लिही. आणि ‘मधुमेहींसाठी वरदान’ आजच्या आज खोड. सीताफळ, आणि मधुमेहींना! दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे. प्रेसनोट म्हणजे जाहिरात नव्हे म्हणशील, पण हाच मजकूर उद्या तू पाकिटावर टाकणार, मी ओळखते तुला.

शेवटी तुझ्या नावाने अवतरणात, ‘शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावरील हास्य हीच आमची पावती.’ हे कधी म्हणालीस गं?

पेपरवाले तपासतील या भरवशावर राहू नकोस. संध्याकाळी प्रेसनोटांचा ढीग पडतो. युनिकोडमधला मजकूर आमच्या फाँटात आणताना जोडाक्षरं फुटतात, ती सांधेपर्यंत पान सोडायची वेळ होते. तुझी नोट आहे तशी जाईल, वर ‘प्रतिनिधी’ लागेल. आणि वाचणारे कोण? मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवी अडकलेली माणसं. ‘भक्कम’, ‘विश्वासार्ह’ अशी विशेषणं त्यांनी भरपूर वाचली आहेत. आता ती ओलांडून ते आकडा शोधतात.

पहिली प्रेसनोट म्हणून जिचं नाव घेतात ती 1906 ची, अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ झालेल्या रेल्वे अपघाताची. पन्नासाहून अधिक माणसं गेली होती. रेल्वेसाठी काम करणाऱ्या आयव्ही लीने घडलेलं आपणहून पत्रकारांना कळवलं आणि न्यूयॉर्क टाइम्सने ते जसंच्या तसं छापलं. त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतंच.

यंत्र वापरू नको असं नाही. पण आधी कागदावर तू लिही: शेतकरी किती, कुठल्या गावांचे, किलोला भाव काय दिला, पैसे किती दिवसांत पोचले, पहिली गाडी कुठे गेली. मग त्याला सांग, एवढंच दीडशे शब्दांत बसव, पदरचं काही घालू नकोस. तरीही आकडे ताडून बघ, ऐनवेळी ते एखादं शून्य वाढवतं. भाव गेल्या वर्षीपेक्षा कमी दिला असेल तर कारणासकट लिही. नाहीतर छापून आल्यावर शेतकरीच आम्हाला फोन करतात, आणि मग ती दुसरी बातमी होते.

फोटो फीत कापतानाचा नको. डोळे उघडलेली फळं निवडणाऱ्या बायांचा पाठव, त्यांना विचारून. सोमवारी पाचच्या आत दिलंस तर मंगळवारी आतल्या पानावर जागा बघते. पहिलं पान मागू नकोस.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या